हाडाला वीज कळते का?

१. पट्टा आणि तार

केज तालुक्यातल्या एका वस्तीवर गेल्या उन्हाळ्यात दोन प्रश्न माझ्यापुढे आले. ओसरीवरच्या खाटेवर तिशीतला एक ऊसतोड कामगार पाय लांब करून बसला होता. फडात ट्रॉली भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होता, पाय निसटला आणि नडगीचं हाड मोडलं. दसऱ्यानंतर टोळीबरोबर गेलेला माणूस संक्रांतीच्या आत पायात रॉड घेऊन घरी आला. हंगाम गेला, मुकादमाची उचल अंगावर राहिली. आता ज्येष्ठ लागला होता, तरी एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेची काळी रेघ तशीच होती. त्याच्या उशाशी मोबाइलवर बघून मागवलेला एक काळा पट्टा होता. कापडाच्या आत नाण्याएवढ्या चुंबकाच्या चकत्या शिवलेल्या.

“सर, ह्यानं हाड सांधतंय का वो?” त्यानं विचारलं.

आईला वेगळीच काळजी होती. घरामागच्या रानातून हाय टेन्शनची लाईन गेलेली. परळीचं वीज केंद्र आणि अंबाजोगाईजवळचं गिरवलीचं उपकेंद्र यांच्यामुळे या भागात कुठल्याही टेकाडावर उभं राहिलं तरी टॉवरची एखादी रांग नजरेला पडतेच. ती म्हणाली, “तारंखालीच वावरतंय लेकरू दिवसभर. त्या तारंमुळंच तर हाड धरंना झालं नसंल?”

लेकाला वाटत होतं चुंबकानं बरं होईल, आईला वाटत होतं विजेनं बिघडलं. दोघांच्या मनात खरं तर एकच गोष्ट होती. डोळ्यांना न दिसणारं विजेचं आणि चुंबकाचं बळ कातडीच्या आत शिरून हाड घडवणाऱ्या पेशींना काही सांगू शकतं का? प्रयोगशाळेतलं उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र किती बळ, किती वेळ आणि कुठल्या घडीला, यावर ते ‘हो’ टिकून आहे. ओसरीवर दहा मिनिटांत मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे प्रकरण.

२. उसाचा डोळा

आधी पेशींकडे जाऊ. बेण्याची एक टिपरी हातात घ्या. कांडीच्या पेऱ्यावर मसुराएवढा फुगीर डोळा दिसतो. नखानं वरचे खवले अलगद सोलले तर आत पांढरट, ओलसर, मऊ ठिपका असतो. तो पान नाही, कांडं नाही, मूळही नाही. टिपरी सरीत दाबून पाणी दिलं की त्याच ठिपक्यातून कोंब फुटतो, कोंबाला पानं येतात, कांड्या भरतात, पुढे त्याची स्वतःची मुळं सुटतात. अजून काहीच न झालेली आणि म्हणून बरंच काही होऊ शकणारी अशी ती जागा.

आपल्या शरीरातही अशा पेशी असतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. मूलपेशीची दोन लक्षणं: ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते, आणि वेळ आली की एखाद्या ठरावीक कामाची पेशी होते. एका साध्या पेशीचं असं विशिष्ट कामाच्या पेशीत रूपांतर होण्याला ‘विभेदन’ म्हणतात. शब्द जड आहे, पण या प्रकरणात तो पुन्हा पुन्हा येणार, म्हणून लक्षात ठेवा.

उसाचा डोळा अख्खा ऊस उभा करतो. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या मूलपेशींना एवढी मोकळीक नसते. लांब हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत ज्या मूलपेशींचा आपल्याला इथे विचार करायचा आहे, त्या मुख्यतः तीन वाटांनी जातात: हाडाची पेशी, कूर्चेची पेशी किंवा चरबीची पेशी. मॉस्कोचे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६०च्या दशकात मज्जेतल्या अशा पेशींपासून हाड तयार होतं हे दाखवून दिलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना आज रूढ असलेलं ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं. या पेशी फार विरळ असतात. मज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी. हाड मोडलं की तिथे जमणाऱ्या आणि नवं हाड भरून काढणाऱ्या पेशींत या मोलाच्या.

कुठल्या वाटेनं जायचं हे त्यांना कळतं कसं? बरंचसं रसायनांनी. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, सूज येते, आजूबाजूच्या पेशी प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं म्हणजे निरोप. पण निरोप रसायनांचेच असतात असं नाही. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेत एक सुंदर गोष्ट दिसली. मूलपेशी मेंदूइतक्या मऊ थरावर ठेवल्या तर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या ताठ थरावर स्नायूसारख्या आणि सर्वांत कडक थरावर हाडासारख्या. बेणं एकच, पण काळ्या रानात एक वळण, मुरमाड रानात दुसरं. पायाखाली काय आहे हे पेशीला कळतं. मग पेशीला वीजही कळत असेल का?

३. हाड स्वतःच वीज तयार करतं

घरातला गॅसचा लायटर घ्या. त्यात सेल नसतो, तरी खटका दाबला की ठिणगी पडते. आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो. त्याच्यावर एकदम दाब आला की त्याच्या दोन टोकांत वीज निर्माण होते. असे पदार्थ निसर्गात पुष्कळ आहेत आणि आपलं हाड त्यातलंच एक आहे.

हे शोधणारे दोघे जपानी होते. इवाओ यासुदा हे हाडांचे डॉक्टर आणि एइइची फुकादा हे भौतिकशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये त्यांनी वाळलेल्या हाडाच्या तुकड्यावर दाब देऊन त्यात निर्माण होणारी वीज मोजली. पुढे लक्षात आलं की जिवंत, ओल्या हाडात आणखी एक गोष्ट घडते, आणि बहुधा तीच मोठी. हाडात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून खारट द्रव फिरतो. पाऊल टेकलं की हाड किंचित दबतं, द्रव एका बाजूला सरकतो आणि त्याच्यातल्या क्षारांच्या विद्युतभारामुळे तिथे व्होल्टेज तयार होतं. पाऊल उचललं की द्रव मागे येतो. चालणाऱ्या माणसाच्या नडगीत हे दिवसभर चालू असतं.

त्याआधी, १८९२ मध्ये, जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी एक नियम मांडला होता: जिथे भार पडतो तिथे हाड घट्ट होतं, भार गेला की विरतं. महिनोन्महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाची हाडं ठिसूळ का होतात ते यातून समजतं. पण भार पडला हे पेशीला कोण सांगतं, ते वोल्फ यांच्या नियमात नव्हतं. विजेच्या शोधानं एक धागा हाती आला. भाराचा निरोप नेणाऱ्यांत हाडातली वीजही असावी.

उलटा विचारही सुरू झाला होता. भार न देता बाहेरून वीज दिली तर? यासुदांनी सशांच्या हाडात तारा घालून थोडा प्रवाह सोडला आणि तिथे नवं हाड धरलं. पण माणसाच्या पायात तारा घालायच्या म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा जंतूंची भीती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अँड्र्यू बॅसेट यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह तारेवाचून वीज पोहोचवायचा मार्ग जाहीर केला. प्लास्टरच्या बाहेर कॉइल बांधायची आणि तिच्यात थांबून थांबून विजेचे झटके सोडायचे. पायाला शॉक बसत नाही, पण आतल्या आत हाडाजवळ वीज जागी होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं न जुळलेल्या हाडांसाठी या यंत्राला मान्यता दिली.

४. वायंडिंगची गोष्ट

प्लास्टरच्या बाहेरची कॉइल आत वीज कशी जागवते? विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती वायंडिंगला देतो. कारागीर तांब्याची तार वेटोळ्यांत भरतो. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे असा भाग जिथे चुंबकाचं बळ जाणवतं. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्यात ठेवलेल्या तारेत आपोआप वीज निर्माण होते. परळीचं जनित्र याच तत्त्वावर चालतं. तारेच्या जागी शरीरातला खारट द्रव असला तरी नियम तोच.

इथला महत्त्वाचा शब्द ‘बदलत असेल तर’ हा आहे. क्षेत्र कितीही असो, ते स्थिर असेल आणि शरीरही स्थिर असेल, तर आत वीज निर्माण होत नाही.

क्षेत्र मोजायचं एकक टेस्ला. ते फार मोठं असल्यानं त्याचा दहा लाखावा भाग, मायक्रोटेस्ला, सोयीचा पडतो. आपण सगळे जन्मभर पृथ्वीच्या क्षेत्रात राहतो. महाराष्ट्रात ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. हे आपण फार पूर्वीपासून मोजत आलो आहोत. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून या नोंदी होत होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या तारांतल्या प्रवाहानं नोंदी बिघडणार हे नानाभाई मूस यांच्यासारख्या जाणकारांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये काम अलिबागला नेलं. तिथल्या इमारतीत लोखंड टाळलं आहे. दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला, पोरबंदरचा. एवढं हळवं मोजमाप! ट्रामची वीज कुलाब्याच्या उपकरणांना नको होती, तर ती पेशीला जाणवत असेल का, असा प्रश्न कुणाच्याही मनात यावा.

थोडं गणित करून बघू. बॅसेट यांच्या पद्धतीच्या कॉइलमध्ये क्षेत्र एका झटक्यात शून्यापासून सुमारे २००० मायक्रोटेस्लापर्यंत चढतं आणि त्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो. या वेगानं दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर निघणारी वीज दर मीटरला ०.१ व्होल्ट भरते. पेशी साधारण मीटरच्या ५० हजाराव्या भागाएवढी. म्हणजे तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक पडतो व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीइतका.

आता पेशीची स्वतःची वीज बघा. प्रत्येक जिवंत पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेर व्होल्टेजचा फरक असतो. कित्येक पेशींत तो सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो. बाहेरून आलेला फरक त्याच्या ३५ हजाराव्या भागाइतका. भरल्या आठवडी बाजारात कुणी कुजबुजावं तसं हे आहे. मग पेशी ते ऐकते कशी?

या विषयात मला सगळ्यांत जास्त ओढ याच कोड्याची वाटते. काही उत्तरं हाती आली आहेत. पेशीच्या आवरणात कॅल्शियमला आत घेणारी दारं असतात आणि त्यातली काही व्होल्टेजवर उघडतात-मिटतात. कॅल्शियम आत शिरणं हा पेशीसाठी निरोपच असतो. त्यावर पुढची प्रथिनं कामाला लागतात आणि शेवटी जनुकं चालू-बंद होतात. शेजारच्या पेशी बारीक वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एकटीपेक्षा समूहावर पडणारा फरक मोठा होतो. आणि झटका एकच नसतो. बॅसेट यांच्या पद्धतीत झटक्यांचे झुबके सेकंदाला १५ वेळा, रोज काही तास, आठवडेच्या आठवडे येत राहतात. विभेदन आणि पेशीचं व्होल्टेज यांचं नातं २००८ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात स्पष्ट दिसलं. मूलपेशी हाडाकडे किंवा चरबीकडे वळू लागली की तिचं आतलं व्होल्टेज आणखी ऋण होत जातं. ते तसं होऊ दिलं नाही, की पेशी वळायची थांबते. म्हणजे हे व्होल्टेज विभेदनाच्या वाटेवरचं एक फाटकच म्हणायचं.

५. थाळी लाल होते तेव्हा

प्रयोग कसा करतात ते जवळून पाहिल्याशिवाय निष्कर्षांचा अर्थ लागत नाही.

मज्जेतून घेतलेल्या मूलपेशी तळहातात मावेल अशा प्लास्टिकच्या थाळीत वाढवतात. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी अशा थाळ्या काचेच्या दारामागे ओळीनं मांडलेल्या असतात. उबदार पेटीत ३७ अंश तापमान, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, थाळीत गुलाबीसर पोषकद्रव. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी लांबट, दोन्हीकडे निमुळत्या, माशांच्या थव्यासारख्या एका दिशेला वळलेल्या दिसतात.

आता दोन गट करायचे. दोन्हींच्या द्रवात हाडाकडे नेणारी रसायनं घालायची. एक गट वीज वाहणाऱ्या कॉइलमध्ये ठेवायचा, दुसरा नुसत्या कॉइलमध्ये. इथे एक खोड्याळ चूक दबा धरून असते. वीज वाहणारी कॉइल गरम होते. थाळी अर्ध्या अंशानं तापली तरी पेशींचं वागणं बदलतं आणि श्रेय चुंबकाला जातं. यावर काळजीपूर्वक काम करणाऱ्या संशोधकांनी छान उपाय काढला. कॉइलमध्ये एकीऐवजी दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळायच्या. दोन्हींत वीज एकाच दिशेनं सोडली तर क्षेत्र तयार होतं. एकीत उलट दिशेनं सोडली तर दोघींचं क्षेत्र एकमेकांना मारतं, पण उष्णता तेवढीच राहते. आता दोन गटांत फरक उरला तो फक्त क्षेत्राचा. या विषयावरचा कुठलाही दावा वाचताना मी आधी हेच शोधतो: तुलनेच्या थाळीखालची कॉइल तेवढीच तापत होती का?

पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाडाकडे निघालेल्या पेशी अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर जास्त तयार करू लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या आपल्याभोवती कॅल्शियमचे क्षार साठवतात. तेव्हा थाळीत अलिझरिन रेड नावाचा रंग ओततात, थोडा वेळ थांबतात आणि धुऊन टाकतात. जिथे कॅल्शियम असतं तिथे रंग चिकटून राहतो आणि गढूळ पांढऱ्या थाळीवर शेंदरी-लाल चट्टे उठतात. अलिझरिन मूळचं युरोपात रंगासाठी लावत त्या मॅडर झुडपाच्या मुळातलं. आपली मंजिष्ठा त्याच कुळातली. १७३६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर यांच्या ध्यानात आलं की या मुळाचा अंश खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल होतात. मांस पांढरंच, हाडं मात्र लाल. पुढे वाढत्या हाडाचा अभ्यास या रंगानं कित्येक वर्षं चालला. आजच्या थाळीतला लाल चट्टा त्याच निरीक्षणाचा वारस आहे.

अनेक प्रयोगांत क्षेत्रातली थाळी लवकर किंवा जास्त लाल झाली. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बिक्रमजित बसू यांच्या गटानं वेगळी बाजू धरली. पेशींच्या पायाखालचा थरच वीज वाहणारा किंवा चुंबकत्व असलेला ठेवायचा आणि मग बाहेरून विजेची किंवा चुंबकाची साथ द्यायची. वीजवाहक थरावर थांबून थांबून दिलेल्या विजेनं मानवी मूलपेशी चेतापेशींसारख्या होऊ लागल्याचं त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. चुंबकीय थर आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या जोडीनं पेशी हाडाकडे वळत असल्याचं त्यांचं काम पुढच्या वर्षी आलं.

पण बहुसंख्य प्रयोगांत एक गोष्ट समान दिसते. द्रवात हाडाची रसायनं नसतील तर नुसत्या क्षेत्रानं फारसं काही होत नाही. रसायनांनी पेशी हाडाच्या वाटेला लागली असेल तर क्षेत्र तिला त्याच वाटेवर पुढे रेटतं. बैल गाडीला जुंपलेला असेल तर मागून दिलेल्या हाकेचा उपयोग. खुंट्याला बांधलेल्या बैलाला हाक मारून गाडी हलत नाही.

६. काहिलीखालचा जाळ

“थोड्यानं फायदा होतो तर जास्तीनं जास्त होईल” हा विचार शेतात युरिया टाकताना नुकसान करतो, इथेही करतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यांत बोलका वाटतो. त्यांना मूलपेशींपासून कूर्चा हवी होती. क्षेत्र सौम्य, सुमारे २००० मायक्रोटेस्लाचं. त्यांनी वेळ बदलून पाहिली. विभेदन सुरू करताना एकदाच, फक्त दहा मिनिटं क्षेत्र दिलं तेव्हा परिणाम सर्वांत चांगला आला. वेळ वाढवली, रोज रोज दिलं, तर फायदा कमी झाला. कॅल्शियम आत घेणाऱ्या एका दाराचं काम दडपल्यावर तो परिणामही ओसरला.

गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला हे पटकन कळेल. काहिलीतला रस एकच. आधी उतरवला तर काकवी, नेमक्या घडीला उतरवला तर गूळ, आणि पाच मिनिटं हयगय केली तर करपतो. गुळव्या जाळ बघतो, फेस बघतो, चमच्यातला रस पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. जाळ किती यापेक्षा कुठल्या घडीला किती याला मोल असतं. हाडाकडे निघालेल्या पेशीला लागणारी मात्रा कूर्चेच्या पेशीला लागणाऱ्या मात्रेसारखी नसेल, हेही उघड आहे. जगभरच्या निष्कर्षांत एवढी तफावत का, याचं एक कारण इथे सापडतं. कुणी सेकंदाला १५ वेळा म्हणजे १५ हर्ट्‌झ घेतलं, कुणी ५०; कुणी तासभर दिलं, कुणी आठ तास. आणि प्रत्येकानं ‘विद्युतचुंबकीय क्षेत्राचा परिणाम’ असंच शीर्षक दिलं.

७. एकाच डॉक्टरचे दोन निकाल

थाळी म्हणजे पाय नव्हे. माणसांत काय दिसलं?

इंग्लंडमधल्या शेफील्डचे शार्रार्ड हे हाडांचे डॉक्टर. त्यांच्या गटानं १९८४ मध्ये नडगीचं हाड दीर्घकाळ न जुळलेल्या १६ जणांवर चाचणी केली. काहींना चालू यंत्र दिलं, काहींना दिसायला तसंच पण आतून बंद. कुणाला कुठलं, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. चालू यंत्राच्या नऊपैकी पाच जणांचं हाड जुळलं. बंद यंत्राच्या सातपैकी पाच जणांचं! नीट प्लास्टर, नीट विश्रांती आणि नियमित तपासणी मिळाल्यावर बंद यंत्राखालचे पायही जुळले होते.

शार्रार्ड तिथेच थांबले नाहीत, याचा मला फार आदर वाटतो. १९९० मध्ये त्यांनी दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी नडगी मोडून १६ ते ३२ आठवडे झालेले आणि हाड जुळायला उशीर लागलेले ४५ रुग्ण होते. १२ आठवडे उपचार झाले. एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञाच्या नोंदीनुसार चालू यंत्राच्या २० जणांपैकी पाच जणांचं हाड जुळलं, पाच जणांचं जुळायला लागलं. बंद यंत्राच्या २५ जणांपैकी एकाचं जुळलं, एकाचं जुळायला लागलं, २३ जण होते तिथेच राहिले. हा फरक नशिबाचा म्हणता येत नाही. पण चालू यंत्र लावलेल्या दहा जणांनाही काही फायदा झाला नव्हता, हेही त्याच कागदावर आहे.

ऑस्ट्रेलियात २५९ जणांच्या ताज्या मोडलेल्या नडग्यांवर यंत्र लावून पाहिलं. २०११ च्या त्या निष्कर्षानुसार दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज कमी झाली नाही. २०१६ मध्ये बंद यंत्राशी तुलना केलेल्या १५ चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा एक्स-रेवर हाड न जुळण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आणि वेदनाही कमी दिसल्या. चालण्या-फिरण्यात मात्र फरक दिसला नाही. याचा अर्थ मी असा लावतो: ताज्या, स्वतःच जुळणार असलेल्या हाडाला या यंत्राची गरज नाही. रेंगाळलेल्या हाडाला काही वेळा मदत होते.

८. तारेखालचं रान

आता आईच्या प्रश्नाकडे. तारेतून ५०० अँपिअर वीज वाहते आहे आणि ती डोक्यावर दहा मीटर उंच आहे असं धरू. एका तारेमुळे जमिनीवर क्षेत्र येतं १० मायक्रोटेस्ला. प्रत्यक्षात लाईनला तीन फेज असतात. त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीच मारतात, त्यामुळे आकडा याहून कमीच भरतो. तारेपासून दूर जावं तसा तो झपाट्यानं उतरतो. सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्‌झच्या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे.

योगायोगानं आपल्या घरच्या विजेच्याच ५० हर्ट्‌झवर रोममध्ये एक प्रयोग झाला आहे. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या मूलपेशींना १००० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र दिलं तेव्हा त्यांपैकी जास्त पेशी चेतापेशी झाल्या, आणि पुन्हा कॅल्शियमच्या दारांमधूनच. म्हणजे ५० हर्ट्‌झ पेशीला जाणवू शकतं. पण ते क्षेत्र तारेखालच्या क्षेत्राच्या शंभर पट होतं. तारेखाली हातात ट्यूबलाइट धरली तर ती मिणमिणते, हे पोरांनी पाहिलेलं असतं आणि भीती तिथून येते. ती करामत विद्युत क्षेत्राची. ते कातडीवरच जवळजवळ पूर्ण अडतं, कारण आपलं शरीर वीजवाहक आहे. आतपर्यंत पोहोचतं ते चुंबकीय क्षेत्र, आणि म्हणूनच बॅसेट यांनी कॉइल निवडली.

एक गोष्ट लपवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये अशा कमी कंपनांच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या काही पाहण्यांत दुबळा संबंध दिसला होता. क्षेत्रामुळेच रोग होतो, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. घर बांधताना लाईनपासून नियमानं ठरलेलं अंतर सोडावं, आणि त्याचं पहिलं कारण तार तुटण्याचं आहे. मोबाइलच्या टॉवरची गोष्ट वेगळी, त्याची कंपनं कोट्यवधी पटींनी जास्त आणि परिणाम मुख्यतः उष्णतेचा. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे.

९. पुन्हा ओसरीवर

पुढच्या खेपेला मी आईला सांगितलं, तारेनं हाड अडवलेलं नाही. लेकाला सांगितलं, पट्ट्यातली चुंबकं स्थिर आहेत, पायही स्थिर आहे. काही बदलत नाही, त्यामुळे आत वीज जागी होत नाही. डॉक्टरांकडे असतं ते यंत्र निराळं. त्यात बदलतं क्षेत्र असतं, त्याची मात्रा ठरलेली असते, आणि ते कुणाला लावायचं हे एक्स-रे पाहून ठरतं.

“मग आता काय करायचं?” त्यानं विचारलं.

दोन टोकांत फट राहिली आहे का, आत जंतू आहेत का, रक्तातली साखर किती, हे डॉक्टरांना विचार म्हणालो. खिशातला बिडीचा कट्टा बाहेर काढायला लावला. धुरानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि मूलपेशींना वाढायला लागणारं रक्तच मोडलेल्या जागी पोहोचत नाही. हे ऐकून आईनं कट्टा उचलून पदरात बांधला.

आषाढात त्याचा फोन आला. डॉक्टरांनी रॉडच्या टोकाचा एक स्क्रू काढला होता. कधी कधी रॉड इतका घट्ट धरून ठेवतो की सगळा भार तोच घेतो. एक स्क्रू काढला की रॉड थोडा सरकू शकतो आणि भार हाडाच्या मोडलेल्या टोकांवर येतो. आता रोज चालायला सांगितलं आहे, काठी घेऊन, दुखेल तिथे थांबून.

भेटायला गेलो तेव्हा तो बांधावरून येत होता. टॉवरच्या सावलीतून बाहेर पडला, पाऊल टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आई ओसरीवरून मोठ्यानं पावलं मोजत होती. “अठ्ठावीस... एकोणतीस...” नडगीच्या आत प्रत्येक आकड्याला द्रव सरकत होता आणि मागे येत होता. चाळीस झाल्यावर तो लिंबाखाली टेकला आणि म्हणाला, “सर, काल पस्तीसच झाली होती.”